निकम मॅडमची लाथ

मानेत गॅप आहे, असं सांगत पेशंट क्लिनिकमध्ये शिरला की मला शिसारी येते. ही शिसारी मुळात माझी नाही, निकम मॅडमची आहे. सांगलीला फिजिओथेरपीच्या कॉलेजात त्या आम्हाला शिकवायला होत्या. त्यांनी शिकवलेलं बरंच काही मी विसरले, पण त्यांची शिसारी माझ्याकडे शाबूत राहिली. आता साताऱ्यात माझं स्वतःचं क्लिनिक आहे. दिवसाला निदान दोघं तरी एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतात, 'मॅडम, गॅप हाय.' मग माझ्या कानात निकम मॅडम बोलायला लागतात. 'गॅप कुणाच्या मणक्यात नसतो गं? दोन मणक्यांत जागाच नसती तर मान वळली असती का याची? शी!'

ही 'शी' त्या नाकातून सुरू करायच्या आणि दातांवर संपवायच्या. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी. कॅन्टीनच्या चहाला शी, विभागात नव्यानं आलेल्या लुकलुकत्या मशीनला शी, आणि पेपरात मानदुखीवर काही छापून आलं की तीनदा शी. 'सगळं मोबाईलवर ढकललं की झालं यांचं काम. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जाणारी बाई कुठल्या हातानं मोबाईल बघते, विचार त्यांना.'

दिसायला ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती साडी, वर पांढरा कोट, कोटाच्या खिशात मोजपट्टी आणि मागं खोडरबर असलेली पेन्सिल. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माणसाकडे बघायची त्यांची एक पद्धत होती. समोर कुणीही येवो, प्राचार्य असोत की झाडूवाल्या मावशी, मॅडमची नजर आधी मानेवर जायची. मान बघून झाली की मग तोंड. तोंड आवडलं नाही तर परत मान.

माझी त्यांची ओळखही मानेवरूनच झाली. एम.पी.टी.ला, म्हणजे पदव्युत्तरला, प्रवेश घेतला त्या पहिल्याच आठवड्यात, व्हरांड्यात, मागून कुणीतरी माझ्या खांद्यात अंगठा रुतवला. माझ्या उजव्या कपाळात कळ गेली आणि मी 'आई गं' म्हणून ओरडले.

'दाबलं खांद्यावर, ओरडलीस कपाळानं,' मागून आवाज आला. 'वर्षा ना तू? पर्स याच खांद्याला लावतेस. बघितलं मी दोन दिवस. आणि परीक्षेला फार घाबरतेस.'

पुस्तकात या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूत एक ताणलेली दोरी लागते आणि त्या दोरीवर बाजरीच्या दाण्याएवढी एक कडक जागा. ती दाबली की दुखणं तिथे न उमटता भलतीकडेच उमटतं. डोळ्यामागं, कानात, दंडात. पेशंट मग डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो, दातांच्या डॉक्टरकडे जातो, शेवटी देवऋष्याकडे जातो. मॅडमनी आयुष्यभर हे दाणे शोधले. शोधून शोधून त्यांचा उजवा अंगठा पेरात वाकडा झाला होता. ब्लाउजचं हूक त्यांना डाव्या हातानं लावावं लागे. अंगठा थकला की त्या पेन्सिल उलटी धरून खोडरबरानं दाबायच्या.

पेशंटसमोर मात्र त्या 'गाठ' हा शब्द कुणाला उच्चारू द्यायच्या नाहीत. पूर्वी एकदा एका म्हातारीला त्यांनीच 'गाठ आहे हो आजी' म्हणून सांगितलं होतं. म्हातारीनं घरी जाऊन अन्न सोडलं आणि लेकींना निरोप धाडले. तेव्हापासून मॅडम 'खडा' म्हणायच्या. तांदळात असतो तसा खडा, निवडला की निघतो.

ओपीडीत कुणी मानेला पट्टा बांधून आलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याला खरंच गरज आहे त्याला त्या स्वतः पट्टा बांधायच्या, पण असे फार थोडे. बाकीच्यांचा पट्टा त्या दोन बोटांच्या चिमटीत धरून मेलेल्या पालीसारखा उचलायच्या आणि दारामागच्या खिळ्याला अडकवायच्या. त्या खिळ्यावर पट्ट्यांचा ढीग लोंबत असायचा. कुणी परत मागितलाच तर म्हणायच्या, 'घेऊन जा की. आधी आतून वास घे, मग बांध.'

त्या पायाळू होत्या, ही गोष्ट कॉलेजात मला एकटीलाच माहीत होती. लोणंदला रेल्वेच्या चाळीत त्या वाढल्या. वडील गँगमन. पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. चाळीत कुणाची पाठ धरली, मान अवघडली, की या सात-आठ वर्षांच्या पोरीला हाक यायची. माणूस भिंतीकडे तोंड करून ओणवा व्हायचा, आणि पोरीनं त्याला लाथ घालायची.

'अख्ख्या चाळीला लाथा घातल्यात मी,' त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या. 'बायकांची घामेजलेली पोलकी, पुरुषांचे तेलकट बनियन. टाचेला वास राहायचा गं. हौदावर जाऊन विटकरीनं घासायची मी टाच, रक्त येईस्तोवर. लाथ घातली की गूळ मिळायचा. त्या गुळाचीही किळस यायची मला.'

'पण बरं वाटायचं का त्यांना?'

त्यांनी घास खाली ठेवला. 'एखाद्याला वाटायचं. तीच तर खाज आहे. सगळ्यांना वाटलं नाही, तर मग त्या एकालाच का वाटलं? लाथ नेमकी कुठं बसली होती?' एवढं म्हणून त्यांनी स्वतःलाच 'शी' केलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा खर्ड्यात बुडवला.

माझ्या प्रबंधाचा विषय त्यांनीच ठरवला. द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बायकांची मान. दिवाळी झाली की पलूसच्या बाजूला बागांत विरळणी सुरू होते. घडातले जास्तीचे मणी बारक्या कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले टपोरे होतात. त्याच्या आधी डिपिंग. औषधाचा मग हातात घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा. घड डोक्याच्या वर लोंबतात. म्हणजे हात वर, तोंड वर, मान मागं, सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत. औषध मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत येतं आणि तिथून पोलक्यात जातं. आणि पुढे ते मणी आपण फ्रीजमधून काढून तोंडात टाकतो, त्यात बी नसली की खूश होतो.

आम्ही ज्या बागेत गेलो तिचे मालक फौजेतून रिटायर होऊन आलेले. गावात सगळे त्यांना मेजर म्हणत. माणूस अगत्याचा, ताठ, शब्दाचा पक्का. ऊस होता, द्राक्ष होती, एक मुलगा फौजेतच होता. बायका मात्र इथल्या नव्हत्या. कवठे महांकाळच्या कोरड्या बाजूच्या एका गावातून त्यांची टोळी मुकादमिणीबरोबर टेम्पोत बसून यायची.

पहिल्या दिवशी मॅडमनी काही मोजलं नाही. पदर खोचला, घड्याळ बघितलं आणि त्या बायकांच्या रांगेत मांडवाखाली उभ्या राहिल्या, हात वर, मान मागं. बायका हसायला लागल्या. तासाभरानं मॅडमना घेरी आली. सरीत बसून त्या गुळाचं पाणी प्यायल्या आणि वर तारांच्या जाळीकडे बघत म्हणाल्या, 'मांडव बांधायचा पुरुषाच्या उंचीनं, आणि खाली उभ्या करायच्या बायका. झालं तुझं संशोधन. आता नुसतं मोजत बस.'

मग आम्ही मोजत बसलो. तार किती उंच, बाई किती उंच, मान किती मागं जाते, आणि खडा कुठं लागतो. चाळीसेक बायका होत्या. प्रत्येकीला आधी मी एक कागद वाचून दाखवायची. त्यात एक वाक्य होतं, 'तुमचं नाव आणि तुमचं दुखणं आम्ही कुणालाही सांगणार नाही.' बहुतेकजणी ते ऐकायच्याही नाहीत. शालन नावाच्या बाईनं मात्र मला तिथेच अडवलं.

'मालकास्नी बी न्हाई न्हवं?'

'नाही.'

'आन् मुकादमिणीला?'

'कुणालाच नाही.'

'तसं न्हवं, ताई. मान धरलीया म्हनून कळलं की बाई मागं पडनार, असं त्येंच्या मनात बसतंय. मग पुढल्या साली टेंपूत जागा ऱ्हात न्हाई. माजी पोरगी मिरजंत नर्सिंगला हाय. तिचं हुईस्तवर मला टेंपूत बसलंच पायजे.'

कागदावर अंगठा उठवून झाल्यावर तिनं पदर बाजूला केला आणि मॅडमपुढं डोकं खाली घालून मान मोकळी केली. ती मान मला अजून दिसते. उन्हानं काळवंडलेली, औषधानं पुरळ उठलेली, आणि दोन्ही बाजूंचे स्नायू ओल्या सुंभासारखे ताठ. या बाईचं डोकं आठ वर्षं दुखत होतं. दोनदा चष्मा बदलला होता, एकदा डोक्याचा फोटो काढून झाला होता. मॅडमनी मानेच्या मुळाशी अंगठा ठेवला आणि दाबला.

'आगं आई! आवं बाई, खांद्याला दाबताय आन् कळ डोळ्यामागं कशी जातीया?'

'कारण ती तिथूनच येत होती,' मॅडम म्हणाल्या. अंगठा त्यांनी मिनिटभर तसाच रुतवून ठेवला आणि हळूहळू सोडला.

शालननं डोकं वर केलं, इकडं वळवलं, तिकडं वळवलं. 'गेलं की वं!' ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं.

'परत येईल. उद्या परत वर बघणार ना तू? मग येईल,' मॅडम म्हणाल्या. त्यांना शाबासकी घेताच यायची नाही.

उपाय सोपा होता. द्राक्षाचा रिकामा क्रेट पालथा घालून बाई त्यावर उभी राहिली की घड तिच्या तोंडासमोर येतात आणि मान सरळ राहते. दोन दिवस आम्ही ते करून बघितलं. पण मजुरी झाडावर असते, जितकी झाडं तितके पैसे. दर चार पावलांना खाली उतरा, क्रेट सरकवा, परत चढा. बायका मागं पडायला लागल्या. मेजर मिशीत हसले. 'मॅडम, पीटी परेड न्हवं ही.' तिसऱ्या दिवशी बायकांनीच क्रेट बांधाला नेऊन रचले.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायची मला किळस येते.

ज्या बायकांच्या मानेतला खडा सगळ्यात वाईट होता, त्यांच्या नावापुढं मॅडम लाल पेननं खूण करायच्या. अशा चौघी निघाल्या. त्यात शालन होती. शेवटच्या दिवशी मॅडम बागेत होत्या आणि मी मेजरच्या सोप्यात बसले होते. शिरा आला, चहा आला. मेजर मला 'डॉक्टर' म्हणत होते. तोपर्यंत मला कुणी डॉक्टर म्हटलेलं नव्हतं. 'बगू द्या की जरा, डॉक्टर, काय काय लिवलंय. आमच्याच बायका हायत,' ते म्हणाले. मी कागद पुढं केला. एवढंच झालं. कुणी धमकी दिली नाही, लालूच दाखवली नाही. शिरा छान झाला होता आणि मला डॉक्टर म्हटलं होतं, म्हणून मी कागद दिला. त्यांनी लाल खुणांवरून बोट फिरवलं, 'अस्सं' म्हणाले, आणि कागदाची नीट घडी घालून परत दिला.

दुसऱ्या वर्षी त्याच बायकांच्या माना परत मोजायच्या होत्या. टेम्पो आला, बायका उतरल्या, आणि मॅडमची नजर मानांवरून फिरत गेली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली.

'शालन कुठं आहे?'

मुकादमीण मेजरकडे बघायला लागली. मेजर खुशीत पुढं आले. 'चौघींला आराम दिलाय, मॅडम. तुमी खुना केल्या हुत्या न्हवं? फौजेत मेडिकल कॅटेगरी लो झाली की जवानाला फ्रंटवर धाडत न्हाईत. तसंच केलं. तुमच्या कामाचा उपेग झाला बगा.'

त्यांना वाटत होतं आम्ही आभार मानू. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मानेकडे नाही, तोंडाकडे.

परतताना एसटीत मी सगळं सांगितलं. शिऱ्यासकट सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, 'तुझी किळस नाही आली. लाल पेन माझं होतं.' हे त्यांनी म्हटलं नसतं तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी आम्ही दोघी शालनच्या गावाला गेलो. घर माळावर होतं. दारात शेळ्या, आणि उंबऱ्यात तिची मुलगी, मिरजेला असायला हवी होती ती, बोरं निवडत बसलेली. आम्हाला बघून ती उठून आत गेली. शालननं घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि सवयीनं पदर बाजूला करून मान पुढं केली.

मॅडमनी अंगठा ठेवला. सरकवला. पुन्हा मुळाशी आणला, दाबला, दुसऱ्या बाजूला गेल्या. मी त्यांचं तोंड बघत होते. 'नाही,' त्या म्हणाल्या. 'खडा नाही. विरघळलाय.' आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळून गेलं. मी ते बघितलं आणि मी बघितलेलं त्यांना कळलं.

'डोकं दुखतं का आता?' त्यांनी विचारलं.

'न्हाई. औंदा येकदा बी न्हाई.' शालननं पदर सारखा केला. आवाज चढलेला नव्हता. 'दुकत हुतं तर दुकू दे हुतं की वं, बाई. काम हुतं न्हवं?'

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथं लिंबाखाली मॅडम थांबल्या. म्हणाल्या, 'कारण काढून घेतलं की दुखणं जातं, हे सिद्ध करायला याच्याहून चांगला पुरावा मिळाला नसता. आणि मला आनंद झाला, वर्षा. त्या पोरीच्या दारात. एक क्षण झाला.' त्या वाकड्या अंगठ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. 'शी,' म्हणाल्या. ती 'शी' नेहमीसारखी नाकातून आली नाही.

त्यानंतर मॅडम तीनदा मेजरकडे गेल्या. चौघींना परत घ्या, म्हणून. मेजर तिन्ही वेळा चहा पाजायचे आणि आदबीनं सांगायचे की आजारी माणसाकडून काम करून घेणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. मॅडम म्हणायच्या, मग क्रेट वापरा. ते म्हणायचे, त्याला वेळ लागतो. मॅडम आलेख दाखवायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो दाखवायच्या. मेजर सगळं नीट बघायचे, 'लय अब्यास हाय तुमचा' म्हणायचे आणि टेम्पोत चौघी सोडून बाकीच्याच बायका यायच्या.

चौथ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा मेजर सोप्यात खांबाला धरून उभे होते. जनावरांच्या खाद्याचं पोतं उचलताना उसण भरली होती. दोन दिवस ना बसता येत होतं, ना वाकता. इंजेक्शन घेऊन झालं होतं, फोटो काढून झाला होता, आणि कुणीतरी गॅप आहे म्हणूनही सांगितलं होतं. मॅडमनी त्यांना दहा प्रश्न विचारले, पाय हलवायला लावले, पायात मुंग्या येतात का, ताप आहे का, सगळं बघितलं. 'स्नायू धरलाय. झोपा पालथे, मी सोडवते. आठवडाभर व्यायाम करायचे,' त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मेजरच्या पत्नी, मालकीणबाई, बाहेर आल्या. त्यांचं माहेर लोणंद. मागच्या खेपेला बोलण्यात मॅडमचं गाव निघालं होतं, चाळ निघाली होती. 'आवं, तुमी गँगमन निकमांची सुली न्हवं?' त्या म्हणाल्या. 'माज्या बाचं कंबार तुमच्याच लाथंनं मोकळं झालं हुतं की! पायाळू हाय वं ही, पायाळू!'

मॅडमचा चेहरा उतरला. मेजरचा उजळला. दोन दिवसांच्या वेदनेनं वाकलेला तो ताठ माणूस हात जोडून म्हणाला, 'मग व्यायाम ऱ्हाऊ द्या, मॅडम. तेवढी लाथ घाला.'

अंगणात बायका डबे सोडत होत्या. सगळ्याजणी बघायला लागल्या. मला वाटलं त्या आता निघतील. त्यांनी हातातली दोन वर्षांच्या मोजमापांची फाईल माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, 'चौघींना परत घ्यायचं. पुढच्या आठवड्यापासून. यांच्यादेखत सांगा.'

मेजरनी बायकांकडे बघितलं. मालकीणबाईंकडे बघितलं. मग जमेल तितकं ताठ होत म्हणाले, 'घेतल्या. जबान दिली.'

'भिंतीकडं तोंड करा.'

मेजर ओणवे झाले. मॅडम वाकल्या, अंगठ्यानं कमरेच्या वर चाचपलं, जागा सापडली तिथं क्षणभर अंगठा ठेवला. मग चप्पल काढली, साडी घोट्यापर्यंत उचलली, आणि सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईनं, मानेच्या स्नायूंवर आयुष्य काढलेल्या त्या बाईनं, मेजरच्या पाठीत लाथ घातली. हलकीच होती. पण नेमकी होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मेजर सावकाश सरळ झाले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. 'आरं तिच्यायला,' ते म्हणाले, 'सुटलं की!'

मॅडम थांबल्या नाहीत. मागं हौद होता, तिकडं गेल्या. मी चप्पल घेऊन गेले तेव्हा त्या काठावर बसून टाच दगडानं घासत होत्या. धुऊन झाली होती, तरी घासत होत्या.

'बरं वाटलं त्यांना,' मी म्हणाले.

'वाटणारच. दोन दिवस होऊन गेले होते, उद्या आपोआपच सुटलं असतं.' त्यांनी पाण्याचा तांब्या पायावर ओतला. 'दोन वर्षांचे आलेख बघितले ना त्यानं? आणि ऐकलं कशाचं? लाथेचं.' टाचेची कातडी लालबुंद झाली होती.

मेजरनी जबान पाळली. त्या बाबतीत माणूस खरंच पक्का होता. माझा प्रबंध झाला, पदवी मिळाली. शालनच्या बऱ्या झालेल्या मानेची नोंद मॅडमनी त्यात घालू दिली नाही. मूळ कागदांवरची नावं त्यांनी ब्लेडनं कापून काढली आणि तो ढीग स्वतःच्या हातानं जाळला. लाथेची गोष्ट मात्र तालुकाभर झाली. मॅडम कॉलेजात होत्या तोवर ओपीडीत माणसं विचारत यायची, 'लाथेच्या मॅडम कुठं बसतात?' पुढे निवृत्त होऊन त्या लोणंदला गेल्या. साताऱ्याहून लोणंद काही लांब नाही. मी गेलेले नाही. माझ्याकडे क्लिनिकमध्ये आता लुकलुकणारी दोन मशीनं आहेत, आणि खिळ्याला टांगलेले विकायचे पट्टे आहेत. कुठल्या तोंडानं जाऊ?

बागेच्या कामावर त्यांच्याबरोबर मी शेवटची होते ती त्याच वर्षी, पलूसजवळच्या फाट्यावर. विरळणीचा हंगाम संपत आला होता. आमचं मोजमाप उरकलं होतं आणि आम्ही एसटीची वाट बघत उभ्या होतो. संध्याकाळी टोळीचा टेम्पो डिझेलसाठी समोर थांबला. टेम्पोच्या हौद्यातून हाक आली, 'बाई! आवं बाई!' शालन उतरून रस्ता ओलांडून आली. हातात कात्री तशीच होती. पोरगी परत मिरजंला गेली, म्हणाली. बोलताना तिचा उजवा डोळा बारीक होत होता आणि ती मान न वळवता सगळं अंग वळवून टेम्पोकडे बघत होती. हे मला दिसलं, म्हणजे मॅडमना केव्हाच दिसलं असणार.

मग नेहमीच्या सवयीनं तिनं पदर बाजूला केला, डोकं खाली घातलं आणि मान पुढं केली.

मॅडमचा हात उचलला गेला. अंगठा मानेपाशी आला आणि थांबला. त्यांनी पदराचं टोक धरलं, मानेवर ओढून नीट बसवलं, आणि तिची हनुवटी वर करून तिच्या तोंडाकडं बघितलं.

'काम हाय न्हवं?' त्यांनी विचारलं.

'हाय की, बाई,' शालन म्हणाली.

टेम्पोनं हॉर्न दिला. ती पळत गेली, बायकांनी तिला हात देऊन वर घेतलं, आणि टेम्पो लांब जाईपर्यंत ती हात हलवत होती. मॅडम रस्त्याकडं बघत उभ्या होत्या. उजवा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता.